खोकडाची पिल्ले खेळत असताना



माझ्या टेबलाच्या काचेखाली दोन छायाचित्रे ठेवलेली आहेत. पहिल्यात खोकडाचे एक पिल्लू बिळाच्या तोंडाशी बसून थेट आपल्याकडे पाहत आहे. कान ताठ, डोळे चमकदार. मिशीचा एकेक केस मोजता यावा इतके ते स्पष्ट आहे. दुसरे छायाचित्र त्या मानाने सामान्य. त्यात दोन पिल्ले बरीच लहान दिसतात, सगळीकडे खसखशीसारखे दाणे पसरले आहेत आणि एकाची शेपटी पुसट झाली आहे. घरी येणाऱ्या विद्यार्थ्यांना मी नेहमी विचारतो, यांतले चांगले कोणते? बहुतेकांनी आजवर पहिल्यावरच बोट ठेवले आहे. ते काढले तेव्हा मलाही मोठा अभिमान वाटला होता. आज मात्र मी ते माझी चूक म्हणून जपून ठेवले आहे.

असे का, हे सांगण्यापूर्वी नावाचा घोळ मिटवला पाहिजे. संध्याकाळी उसाच्या फडातून ज्याची कुई ऐकू येते तो कोल्हा लांडग्याच्या आणि कुत्र्याच्या जवळचा प्राणी. परदेशी गोष्टींच्या भाषांतरांत 'फॉक्स'लाही कोल्हाच म्हणतात, पण आपल्याकडचा खरा फॉक्स म्हणजे खोकड. ते कोल्ह्याहून पुष्कळच लहान असते. वजन सुमारे दोन ते चार किलो, अंग राखी-तपकिरी, पाय काटकुळे, आणि झुबकेदार शेपटी धडाच्या निम्म्याहून लांब. शास्त्रीय नाव व्हल्पिस बेंगालेन्सिस. भारतीय उपखंडाबाहेर ते आढळत नाही. दाट जंगल त्याला मानवत नाही. गवताचे उघडे माळरान हे त्याचे घर. उंदीर, नाकतोडे, वाळवी, सरडे, जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी आणि हंगामात बोरे, असा त्याचा आहार असतो. खोकडाच्या राहणीचा अभ्यास ए. जे. टी. जॉनसिंग यांनी करून १९७८ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यानंतरही बऱ्याच जणांनी त्यात भर घातली आहे.

हिवाळ्यात जोडी जमते. सुमारे पन्नास दिवसांनी मादी बिळात बहुधा दोन ते चार पिल्लांना जन्म देते. पिल्लांची देखभाल नर आणि मादी दोघेही करतात. महिनाभराची झाली की पिल्ले बिळाच्या तोंडाशी येऊ लागतात. आपल्याकडे हा काळ साधारण मार्च-एप्रिलचा, म्हणजे नेमका तुमच्या वार्षिक परीक्षेचा. निसर्गाने वेळापत्रक आखताना शिक्षण मंडळाला विचारलेले नाही.

पहिल्या वर्षीची गोष्ट

बारामतीच्या बाजूला एका माळावर मला खोकडाचे बीळ दाखवले ते एका धनगर आजोबांनी. गावाचे नाव मुद्दाम देत नाही; कारण पुढे येईल. माझ्याजवळ तेव्हा २०० मि.मी. नाभीय अंतराचे भिंग होते. पहिल्या संध्याकाळी साठ-सत्तर मीटरांवरून मी चार पिल्ले मोजली. ती एकमेकांच्या अंगावर झेप घेत होती, शेपट्या ओढत होती, मातीच्या ढेकळासाठी झटापट करत होती. पण कॅमेऱ्यात ती मुंगीएवढी दिसत. म्हणून दुसऱ्या दिवशी चाळीस मीटर, तिसऱ्या दिवशी वीस मीटर असा मी पुढे सरकत गेलो. वीस मीटरांवरून मला ते पहिले छायाचित्र मिळाले. चौथ्या दिवशी बिळाबाहेर कोणीच आले नाही. पाचव्या दिवशी बिळाच्या तोंडावर कोळ्याचे जाळे होते.

आजोबांना विचारले तर ते म्हणाले, "हलीवली न्हवं का पिल्ली तिनं. मास्तर, तुमी लईच जवळ गेलासा." पुढे आठ दिवसांनी पलीकडच्या ओढ्याजवळ दुसऱ्या बिळापाशी ते कुटुंब पुन्हा दिसले. त्यात पिल्ले तीनच होती. चौथे कशाने गेले ते मला माहीत नाही. माझ्यामुळेच गेले असे म्हणायला पुरावा नाही. पण रात्रीच्या अंधारात मादीला एकेक पिल्लू तोंडात धरून ओढ्यापर्यंत न्यावे लागले ते माझ्यामुळे, यात मला शंका नाही.

आता ते छायाचित्र पुन्हा पाहा. पिल्लाचे कान ताठ आहेत, कारण ते शटरचा आवाज ऐकत आहे. ते आपल्याकडे पाहत आहे, कारण त्याला आपण कळलो आहोत. त्या क्षणी त्याचा खेळ थांबलेला आहे. खेळणाऱ्या पिल्लांचे छायाचित्र काढायला मी गेलो होतो आणि खेळ थांबवून परत आलो.

खेळ कशाला म्हणावे?

प्रश्न सोपा वाटतो, पण शास्त्रज्ञांना त्याने बरेच सतावले आहे. अमेरिकेतील गॉर्डन बर्गहार्ट यांनी २००५ साली प्राण्यांच्या खेळावर एक ग्रंथ लिहिला. त्यात एखाद्या वर्तनाला खेळ म्हणण्यासाठी त्यांनी पाच कसोट्या दिल्या आहेत. त्या वर्तनाचा त्या क्षणी थेट उपयोग नसावा. ते आपखुशीने, स्वतःच्या ओढीने केलेले असावे. खऱ्या शिकारीपेक्षा किंवा भांडणापेक्षा त्याचे रूप वेगळे, अर्धवट किंवा अतिशयोक्त असावे. ते पुनःपुन्हा घडावे. आणि पाचवी कसोटी आपल्या कामाची आहे. प्राणी भुकेला, आजारी किंवा भ्यालेला नसावा.

पाचव्या कसोटीचा अर्थ नीट लक्षात घ्या. खेळ हा एक प्रकारचा तापमापक आहे. पिल्ले खेळत आहेत याचा अर्थ त्यांची पोटे भरलेली आहेत आणि त्यांना भीती वाटत नाही. म्हणजेच, आपण बिळापासून पुरेसे दूर आहोत की नाही, हे मीटरच्या फितीने ठरत नाही. पिल्लेच ते ठरवतात. आपण येऊन बसल्यावर थोड्या वेळात खेळ पूर्ववत सुरू झाला तर अंतर बरोबर. पिल्ले दर मिनिटाला मान वर करून आपल्याकडे पाहू लागली, किंवा आई दूर उभी राहून बिळाकडे येईना, तर अंतर कमी पडले आहे. निमूट मागे जावे. माझ्या माळावर हे अंतर साठ मीटरांच्या आसपास निघाले. दुसऱ्या माळावर, माणसांची वर्दळ असलेल्या ठिकाणी, ते कमी निघेल किंवा जास्तही निघेल.

साठ मीटरांवरून काय मिळते?

येथे भौतिकशास्त्राचा मास्तर कामाला येतो. भिंगापासून वस्तू पुष्कळ दूर असली की प्रतिमेची लांबी काढण्याचे सूत्र सोपे होते:

प्रतिमेची लांबी = वस्तूची लांबी × नाभीय अंतर ÷ वस्तूचे अंतर

पिल्लाच्या धडाची लांबी ३० सें.मी., म्हणजे ३०० मि.मी. धरू. भिंग ४०० मि.मी.चे आणि अंतर ६० मीटर, म्हणजे ६०,००० मि.मी. उत्तर येते २ मि.मी. आजच्या साध्या डिजिटल कॅमेऱ्यातील संवेदक पट्टी सुमारे २४ मि.मी. रुंद असते आणि तिच्यावर एका ओळीत ६,००० प्रकाशबिंदू असतात, म्हणजे दर मिलिमीटरला २५०. तेव्हा आपले पिल्लू ५०० बिंदूंत मावले. कान, डोळे, तोंडाची ठेवण हे सारे ओळखायला ५०० बिंदू पुरे आहेत. माझ्या जुन्या २०० मि.मी. भिंगाने याच ठिकाणाहून २५० बिंदू मिळाले असते. मासिकाच्या मुखपृष्ठाला ते चालले नसते, अभ्यासाला सहज चालले असते. हे गणित पहिल्या वर्षी मी घरी बसून दोन मिनिटांत करू शकलो असतो. वर्गात दरवर्षी शिकवतो ते सूत्र माळावर आठवले नाही, एवढेच.

मोबाइलचे काय? त्याच्या भिंगाचे खरे नाभीय अंतर सुमारे ६ मि.मी. असते. तेच गणित केले तर प्रतिमा ०.०३ मि.मी. येते. ८ मि.मी. पट्टीवर ४,००० बिंदू धरले तर पिल्लाच्या वाट्याला जेमतेम १५ बिंदू येतात. मोबाइल घेऊन चांगले छायाचित्र काढायचे म्हणजे पुढे सरकण्याचा मोह होणारच. तो होणार हे आधीच ओळखून मोबाइल खिशात ठेवावा आणि दुर्बीण व वही बाहेर काढावी.

आता हालचालीचा विचार. पळणाऱ्या पिल्लाचा वेग सेकंदाला ५ मीटर मानू. शटर १/१००० सेकंद उघडे राहिले तर तेवढ्यात पिल्लू ५ मि.मी. पुढे जाते, म्हणजे त्याच्या लांबीचा साठावा भाग. एवढी अस्पष्टता डोळ्याला खुपत नाही. शटर १/१०० सेकंद ठेवले तर ते ५ सें.मी. जाते, लांबीचा सहावा भाग. चित्रात पिल्लाऐवजी फराटा उमटतो. येथे एक गंमत आहे. प्रतिमा आणि तिचे सरकणे दोन्ही अंतराबरोबर सारख्याच प्रमाणात लहान होतात. म्हणून पिल्लाच्या लांबीच्या मानाने फराटा किती, हे तुम्ही किती दूर आहात यावर अवलंबून नाही. जवळ जाऊन फराटा कमी होत नाही.

तर मग शटर नेहमी १/१००० ठेवावे, झाले! पण पिल्ले खेळतात ती सूर्योदयाच्या आणि सूर्यास्ताच्या आगेमागे. भर दुपारी उन्हात सुमारे १,००,००० लक्स प्रकाश असतो. सूर्य मावळताना तो ४०० लक्सच्या आसपास येतो. अडीचशेवा भाग! दुपारी भिंगाचे छिद्र एफ ५.६ आणि संवेदनक्षमता १२५ ठेवून १/१००० सेकंदात जे चित्र उमटते, त्यासाठी सूर्यास्ताला संवेदनक्षमता आठ वेळा दुप्पट करावी लागते, म्हणजे ३२,०००. संवेदनक्षमता वाढवणे म्हणजे मिळालेला थोडका संदेश मोठा करणे. त्याबरोबर त्यातला गोंगाटही मोठा होतो. दुसऱ्या छायाचित्रातले खसखशीचे दाणे म्हणजे हाच गोंगाट. फ्लॅश वापरावा असे कोणी सुचवील. अंधाराला सरावलेल्या त्या डोळ्यांवर साठ मीटरांवरून विजेचा लोळ सोडणे मला पटत नाही, आणि खेळ तर थांबतोच.

खेळातला विराम

या अडचणीतून वाट सापडली ती पिल्लांकडे नुसते पाहत बसल्यामुळे. एका संध्याकाळी कॅमेरा बंद करून मी दुर्बिणीतून पाहत होतो. लक्षात आले की पिल्ले सतत पळत नाहीत. झटापट होते, दोघे वेगळे होतात, आणि मग एकजण पुढचे पाय जमिनीला टेकवून छाती खाली नेते, मागचा भाग वरच ठेवते, शेपटी हलवते आणि तसेच क्षणभर थांबते. समोरचे त्याच्याकडे पाहते. मग पुन्हा झेप. कुत्र्याच्या पिल्लांत तुम्ही हे शंभर वेळा पाहिले असेल. शास्त्रज्ञ याला खेळाचे वंदन म्हणतात.

या वंदनाचा अर्थ मार्क बेकॉफ यांनी शोधला. कुत्रा, लांडगा आणि उत्तर अमेरिकेतला कायोट यांच्या पिल्लांची नोंद करून १९९५ साली त्यांनी दाखवले की हे वंदन वाटेल तेव्हा येत नाही. चावा घेऊन मान जोराने झटकणे ही शिकारीतली जीवघेणी क्रिया. खेळात ती आली की तिच्या लगेच आधी किंवा लगेच नंतर वंदन होण्याचे प्रमाण जास्त असते. जणू पिल्लू सांगते, "आत्ता चावलो ते खेळात बरं का, रागावू नकोस." वाक्यात स्वल्पविराम असावा तसे हे खेळातले विरामचिन्ह आहे.

छायाचित्रकाराच्या दृष्टीने या वंदनाचे महत्त्व वेगळेच. तो क्षण स्थिर असतो! त्या वेळी १/१२५ सेकंदाचे शटर चालते, संवेदनक्षमता ३२,००० वरून ४,००० वर येते आणि दाणे पुष्कळच कमी होतात. तेव्हा संध्याकाळी झेपेच्या मागे धावू नये. वंदनाची वाट पाहावी. प्रकाश कमी पडल्यामुळे मला जो क्षण निवडावा लागला तोच खेळातला सर्वांत अर्थपूर्ण क्षण निघाला. हा निव्वळ योगायोग, पण माझ्या पथ्यावर पडला. दुसरे छायाचित्र अशाच एका वंदनाचे आहे. एक पिल्लू वाकलेले, दुसरे त्याच्याकडे पाहणारे. आणि दोघांपैकी एकाचेही लक्ष माझ्याकडे नाही. पुसट झाली आहे ती हलणारी शेपटी. ती तशीच हवी.

उडी मोजू या

पिल्लांचा आणखी एक खेळ म्हणजे उंदीर-उडी. चारही पाय एकदम उचलून हवेत कमान करायची आणि पुढच्या पायांनी नाकतोड्यावर, गवताच्या काडीवर किंवा भावाच्या शेपटीवर उतरायचे. मोठेपणी गवतातला उंदीर असाच पकडायचा असतो. या उडीची उंची पट्टी न लावता मोजता येते. चलच्चित्र घ्या आणि पाय जमिनीवरून सुटल्यापासून परत टेकेपर्यंत किती चौकटी जातात ते मोजा. सेकंदाला ३० चौकटी असतील आणि १२ चौकटी गेल्या असतील, तर हवेतला वेळ ०.४ सेकंद. त्यातला अर्धा वेळ वर जाण्यात जातो. म्हणून

उंची = गुरुत्व त्वरण × वेळेचा वर्ग ÷ ८

९.८ × ०.१६ ÷ ८, म्हणजे ०.१९६ मीटर, सुमारे २० सें.मी. आता यातली चूकही काढायला हवी, कारण चूक न सांगता दिलेले उत्तर अर्धेच असते. मोजण्यात एक चौकट कमी-जास्त झाली तर उंची १६.५ किंवा २३ सें.मी. येते. म्हणजे आपले उत्तर २० सें.मी., त्यात तीन-साडेतीन सें.मी. इकडेतिकडे. सेकंदाला ६० चौकटी घेतल्या तर ही चूक साधारण निम्मी होईल. या रीतीला पिल्लाचे वजन लागत नाही, अंतर लागत नाही, भिंगाचे नाभीय अंतरही लागत नाही. फक्त जमीन सपाट हवी.

मोठ्या खोकडाच्या उडीबद्दल भौतिकशास्त्राला कुतूहल वाटावे असे एक संशोधन सांगून टाकतो. चेक संशोधकांनी २०११ साली युरोपातल्या तांबड्या कोल्ह्यांच्या उड्यांच्या दिशा नोंदल्या. उंच गवतात किंवा बर्फाखाली भक्ष्य दिसत नसताना ईशान्येच्या बाजूला मारलेल्या उड्या अधिक यशस्वी ठरल्या. पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राचा तो प्राणी अंतर मापण्यासाठी उपयोग करत असावा, असा त्यांचा तर्क आहे. आपले खोकड असे काही करते का? होकायंत्र आणि वही घेऊन बसणारा एखादा चिकाटीचा निरीक्षक याचे उत्तर देऊ शकेल.

माळावर बसताना

वारा बिळाकडून आपल्याकडे यावा. चिमूटभर कोरडी माती हातातून सोडली की दिशा कळते. दिशा फिरली तर उठून जावे. उभे राहून चालू नये, आणि शक्य असेल तर गाडीतच बसावे. गाडीपेक्षा दोन पायांवर चालणाऱ्या माणसाला खोकड जास्त भिते. सकाळी नऊनंतर मार्चच्या उन्हात जमीन तापते, तिच्यावरची हवा थरथरते, हवेचा अपवर्तनांक जागोजागी बदलतो आणि लांब भिंगातून पिल्लू पाण्याखाली असल्यासारखे हलताना दिसते. उत्तम कॅमेराही येथे हतबल होतो. तेव्हा गाशा गुंडाळावा.

बिळापर्यंत पायवाट पडू देऊ नये. आपण ज्या वाटेने जातो तिच्या वासावरून कुत्रीही जातात, आणि कुत्री ही खोकडांची आजची मोठी आपत्ती आहे. सोलापूरजवळ नान्नजच्या माळरान परिसरात झालेल्या अभ्यासांत दिसले की कुत्री आसपास असली की खोकडे मोकळेपणाने चरत नाहीत, आणि डिस्टेंपरसारखे कुत्र्यांचे रोग खोकडांपर्यंत पोचतात. त्यातून माळरानाला आपल्या दप्तरी 'पडीक' म्हणण्याची जुनी खोड. पडीक जमिनीवर झाडे लावा, कारखाना आणा, रस्ता काढा, कोणाला हरकत नसते; तिच्याखाली बीळ आहे हे सातबाऱ्यावर लिहिलेले नसते.

खोकड १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. अभयारण्यात छायाचित्रणासाठी वनखात्याची परवानगी लागते. अभयारण्याबाहेरही बीळ सापडले तर जागेचे नाव छापू नये, सांगू नये. मोबाइलने काढलेल्या छायाचित्रात जागेचे अक्षांश-रेखांश आपोआप नोंदले जातात. ते काढून टाकल्याशिवाय चित्र कोणाला पाठवू नये. आता कळले ना, मी गावाचे नाव का दिले नाही ते?

घरी करण्याचा प्रयोग

यासाठी माळावर जाण्याची गरज नाही. गल्लीत कुत्रीची पिल्ले शोधा. पाच मीटरांवर मोबाइल ठेवून वरच्या सूत्राने पिल्लू किती बिंदूंत मावते ते काढा (उत्तर १८० च्या जवळ यावे). दहा मिनिटांचे चलच्चित्र घ्या. त्यात चावे किती, मान झटकून घेतलेले चावे किती, वंदने किती, आणि प्रत्येक वंदन चाव्याच्या आधी आले की नंतर, याचा तक्ता करा. एखाद्या उडीच्या चौकटी मोजून उंची काढा आणि चूकही लिहा. मग एकेक मीटर पुढे सरकून, किती अंतरावर खेळ थांबतो ते नोंदवा. पिल्लांची आई गुरगुरली, तर तोच आकडा वहीत लिहून घ्यावा आणि लगेच मागे सरावे.